गंजलेल्या छोट्या चाकांचा बाजार

जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांची सुटी चाके गोळा करायची, गंज काढायचा, मापाप्रमाणे जोड्या लावायच्या आणि विकायच्या, हा युरोप-अमेरिकेत कित्येक दशके चालत आलेला किरकोळ धंदा आहे. त्यात फार पैसा नाही. इंजिनाच्या मूळ रंगाला, डब्यावरच्या न पुसलेल्या अक्षरांना, अगदी पुठ्ठ्याच्या खोक्यालाही संग्राहक चांगली किंमत मोजतात; चाके मात्र ओंजळीने विकली जातात. तरीही खेळण्यांच्या कारखान्यांनी कोणता धातू कधी धरला, का सोडला आणि मापे कितीदा बदलली, हे गाडीच्या इतर कोणत्याही भागापेक्षा चाकावरून चटकन कळते.

सुरुवातीला गंजाचा प्रश्नच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडमध्ये वाफेवर चालणारी पितळी इंजिने खेळणी म्हणून विकली जात. त्यांना रूळ नसत. पुढची चाके जरा तिरकी बसवलेली असत, त्यामुळे इंजिन दिवाणखान्याच्या जमिनीवर गोल फिरे आणि मागे पाण्याची ओली रेघ सोडी. चाके पितळेची, ओतीव. पितळ काळवंडते, पण गंजत नाही. जर्मनीत तयार होणाऱ्या स्वस्त पत्र्याच्या गाड्यांना शिशाची ओतीव चाके असत; ती वाकत, चेपत, पण त्यांनाही गंज ठाऊक नव्हता. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टची आयव्हज कंपनी बिडाची इंजिने बनवत असे. लोखंड चाकापर्यंत आले आणि गंजाची कथा सुरू झाली.

तिला खरे वळण मिळाले जर्मनीत. ग्योपिंगन गावात १८५९ साली मेर्कलिन या पत्राकाम करणाऱ्या घराण्याने बाहुलीच्या स्वयंपाकघरातली भांडी करायला घेतली. त्यांच्या पुढच्या पिढीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत किल्लीची आगगाडी मांडली, ती रुळांसकट, आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक देऊन. आज घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी घेतलेले रूळ जुळतील, ही तोवर कोणी न दिलेली हमी होती. धंद्याच्या दृष्टीने ही कल्पना इंजिनापेक्षा मोठी ठरली. क्रमांक १ म्हणजे पुढे ४५ मिलिमीटर ठरलेले माप; त्याहून लहान ३२ मिलिमीटरचे ‘शून्य’ माप शतक संपता संपता आले आणि घराघरांत पोहोचले. न्यूरेंबर्गची बिंग, इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनची बॅसेट-लोक, लिव्हरपूलला फ्रँक हॉर्नबी यांचा मेकॅनोचा कारखाना (त्यांच्या गाड्या १९२० पासून) हे सगळे या मापांवर उभे राहिले. रुळांचे माप एक झाले म्हणून एका कंपनीच्या गाडीचे चाक दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसवता येऊ लागले. सुट्या चाकांच्या खरेदी-विक्रीची शक्यता तिथूनच निर्माण झाली.

या काळातली बहुतेक स्वस्त चाके पत्र्याची असत. पत्रा म्हणजे कथलाचा पातळ मुलामा दिलेले पोलाद. मुलामा शाबूत असेपर्यंत तो लोखंडाला सांभाळतो. एकदा ओरखडा गेला की उलटे होते: कथील आणि लोखंड ओलसर हवेत एकत्र उघडे पडले की लोखंड आधी खाल्ले जाते, मुलामा नसता त्याहूनही लवकर. चाकाची रुळावर घासणारी बाजू म्हणजे कायमचा ओरखडाच. म्हणून डब्याचा रंग टवटवीत आणि चाकांच्या कडा तपकिरी, असे खेळणे पोटमाळ्यावरून खाली येते. मात्र गाडी चालत असते तेव्हा रूळ आणि चाक एकमेकांना घासून स्वच्छ ठेवतात. गंज धरतो तो साठवणीत: ओल्या तळघरात, ओल शोषणाऱ्या पुठ्ठ्यात, भिंतीलगतच्या कपाटात.

किल्लीच्या गाडीला याचे फारसे वावडे नव्हते. कमान सुटली की गंजलेल्या चाकांवरही ती खडखडत धावे. वीज आली तेव्हा मात्र चाकाचे काम बदलले. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिनसिनाटीच्या कार्लाइल अँड फिंच कंपनीने आणि युरोपात मेर्कलिनने विजेवर चालणारी खेळणी बाजारात आणली. न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायोनेल कॉवेन यांची लायोनेल कंपनी १९०० ची. या गाड्यांत चाक केवळ भार वाहत नाही, ते विजेच्या तारेचाच एक भाग असते. प्रवाह एका वाटेने रुळातून मोटारीत येतो आणि चाकांतून दुसऱ्या रुळाकडे परततो. लोखंडाचा गंज विजेला अडवतो. परिणामी जे चाक किल्लीच्या गाडीत ‘जुने’ होते, ते विजेच्या गाडीत ‘बंद’ झाले. इंजिन झटके देत चाले, वळणावर थांबे, चाकाखाली ठिणग्या पडत, आणि त्या ठिणग्यांनी धावेवर काळा थर आणखी जाड होई. चाके बदलण्याची, म्हणजेच विकत घेण्याची गरज इथून सुरू होते.

वीज नेण्याच्या दोन पद्धती होत्या. लायोनेलने १९०६ पासून तीन रूळ घातले: मधल्यातून वीज येई, दोन्ही बाजूंच्या रुळांतून परत जाई. दिसायला बेगडी, पण सोय मोठी होती, कारण दोन्ही बाजूंची चाके आणि आस एकाच धातूने जोडलेली असली तरी चालत. दोन रुळांच्या पद्धतीत डाव्या चाकाचा उजव्या चाकाशी विजेचा संबंध येता कामा नये. नाहीतर आसच शॉर्टसर्किट करते. म्हणून तुंब्यात फायबर, बेकेलाइट किंवा पुढे नायलॉनचा रोधक बसवावा लागला. आजही जुन्या चाकांच्या ढिगातून निवड करताना पहिला प्रश्न हाच असतो: चाक रोधक असलेले की नसलेले? मीटरची एक तार एका चाकाला, दुसरी दुसऱ्याला लावून दोन सेकंदांत उत्तर मिळते. हॉर्नबी डब्लो ही १९३८ सालची लोकप्रिय ब्रिटिश मालिका तीन रुळांची होती आणि १९५९ मध्ये ती दोन रुळांवर आली. त्याआधीची तिची चाके नव्या रुळांवर ठेवली की वीजपुरवठा बंद पडतो. चाक धडधाकट, पण निरुपयोगी.

दोन महायुद्धांमधल्या काळात चाकाला गंजाहून मोठा शत्रू भेटला. त्याचे रूप फसवे होते, कारण तो स्वच्छ, करड्या, न गंजणाऱ्या धातूच्या आत लपलेला होता. जस्तात थोडे अॅल्युमिनियम मिसळून तो रस दाबाने पोलादी साच्यात भरायचे तंत्र या काळात पक्के झाले. आऱ्यांसह पूर्ण चाक एका ठोक्यात तयार होई, आरे नाजूक आणि कडा रेखीव येत. पत्र्याच्या चाकासमोर हे चाक म्हणजे दागिना. पण या मिश्रधातूत शिशाचा, कथलाचा किंवा कॅडमियमचा अगदी अल्प अंश राहिला तरी हवेतल्या ओलाव्याने धातूच्या कणांच्या सीमा आतून खाल्ल्या जातात. वस्तू फुगते, तिच्यावर केसासारख्या चिरा पडतात, मग तुकडे पडतात. उष्णता आणि ओल जितकी जास्त तितकी गती जास्त. कारखान्यात साच्याबाहेरचे उरलेले तुकडे पुन्हा वितळवण्याची रीत होती. त्यात भलता धातू मिसळला की अख्खी खेप बिघडे. ९९.९९ टक्के शुद्धतेचे जस्त हा त्यावरचा उपाय होता. अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ च्या सुमारास ‘झॅमॅक’ नावाने अशा मिश्रधातूंची मालिका बाजारात आणली, पण प्रत्येक कारखाना ती शिस्त पाळत होता असे नाही.

न्यूरेंबर्गहून आलेल्या फोर्शहायमर बंधूंनी १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या न्यूअर्क येथे डॉर्फन कंपनी काढली. ओतीव मिश्रधातूची इंजिने करणाऱ्या पहिल्या कंपन्यांत तिची गणना होते. काही वर्षे तिने लायोनेलला चांगली टक्कर दिली. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती मंदीत मिटली. तिच्या मालाचे पुढे जे झाले ते मंदीपेक्षा वाईट: त्यातली कित्येक इंजिने संग्राहकांच्या कपाटातच चिरफळली. हॉर्नबीच्या युद्धपूर्व गाड्यांच्या चाकांचे आणि त्याच कारखान्यातल्या डिंकी नावाच्या खेळण्यातल्या मोटारींचेही तेच. मेर्कलिनही यातून पूर्ण सुटली नाही. इथे या धंद्यातला एक व्यावहारिक नियम तयार झाला, आणि नवख्याला तो उलटा वाटतो: गंजलेले लोखंडी चाक घ्यावे, चिरलेले जस्ताचे चाक घेऊ नये. गंज बाहेरून आत जातो. वेळेत पकडला तर खालचा धातू शाबूत सापडतो. जस्ताचा रोग आतूनच असतो, त्याला औषध नाही. घासून, रंगवून, गोंद भरून विकलेले असे चाक वर्षा-दोन वर्षांत तुकडे होऊन हातात येते. अशा चाकाला वरून चकाकी आणून खपवणे ही या बाजारातली सर्वांत जुनी लबाडी म्हणावी लागेल.

युद्धाने उत्पादन थांबवले. अमेरिकेत १९४२ च्या मध्यावर धातूच्या खेळण्यांवर बंदी आली आणि लायोनेल आरमारासाठी होकायंत्रे बनवू लागली; १९४३ च्या नाताळात तिने पुठ्ठ्याची, घडी घालून उभी करायची आगगाडी विकली. ती धड चालत नसे. ब्रिटनमध्ये १९४२ पासून धातूची खेळणी बनवणे आणि पुढच्या वर्षी विकणेही बंद झाले. नवा माल नाही म्हटल्यावर जुनीच गाडी दुरुस्त करून मुलांना द्यायची, हे घरोघर झाले. त्या काळात हाताशी होती ती चाके लागली: एका डब्याला दोन प्रकारची, आस कापून आखूड केलेली, खिळ्याची आस केलेली. आजच्या ढिगात अशी विजोड चाके सापडतात तेव्हा ती कारखान्याची चूक नसते.

युद्धानंतर दोन वेगळ्या दिशा दिसतात. लायोनेलने १९५० मध्ये चाके आणि आस चुंबकित करून इंजिन रुळाला चिकटून चढण चढेल अशी सोय केली. त्यासाठी चाके लोखंडाच्या भुकटीची, दाबून आणि भट्टीत भाजून केलेली असत. ब्रिटनमध्ये ट्राय-अँगने १९६१ मध्ये इंजिनाखाली चुंबक बसवून तोच परिणाम साधला. तो मिळायला रूळ पोलादी हवे होते. चुंबक लोखंडाशिवाय चालत नाही, आणि लोखंड म्हणजे गंज. भुकटीच्या चाकात तर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत तेल मुरते तसे पाणीही मुरते. दुसरी दिशा प्लॅस्टिकची. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून डब्यांना नायलॉनची चाके येऊ लागली. ती गंजत नाहीत, आवाज करत नाहीत, स्वस्त पडतात आणि रोधकाचा प्रश्नच मिटवतात. मात्र ती रुळावरची घाण गोळा करून तिचा लेप पुन्हा रुळावर पसरवतात. त्यामुळे काही दशकांनी हौशी मंडळींनी प्लॅस्टिकची चाके काढून धातूची बसवायला सुरुवात केली आणि जुन्या धातूच्या जोड्यांना अनपेक्षित मागणी आली.

मागणी आली तरी सगळी चाके खपत नाहीत, याचे कारण मापे. १९३५ साली न्यूरेंबर्गच्या ट्रिक्सने आणि त्याच वर्षी मेर्कलिनने टेबलावर मावणारी १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची गाडी आणली. युरोप-अमेरिकेत तिचे प्रमाण १:८७ धरले गेले. ब्रिटनमध्ये खरी इंजिने आकाराने लहान, त्यांच्या नमुन्यात त्या काळची मोटार मावेना. म्हणून इंजिन १:७६ चे केले आणि रूळ तेच १६.५ चे ठेवले. हा विसंवाद आजही तसाच आहे. तो न सोसवणाऱ्या काही मंडळींनी १९६० च्या दशकात १८.८३ मिलिमीटरची काटेकोर पद्धत काढली. त्यांना कारखान्याचे कोणतेच चाक चालत नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये मिलवॉकीला स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने चाकाच्या कडेचा आकार ठरवून दिला. आरपी-२५ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आकारात कड जेमतेम ०.६ मिलिमीटर खोल असते आणि धावेला ती गोलाईने मिळते. युरोपात मोरोप या महासंघाने १९५४ नंतर स्वतःची मापे दिली. त्याआधीची खेळण्यातली चाके जाड, खोल कडेची. जुन्या उंच रुळांवर, म्हणजे अडीच मिलिमीटर उंचीच्या, ती ठीक चालतात. आजच्या १.९ मिलिमीटरच्या बारीक रुळांवर त्यांची कड स्लीपरवरच्या खुंट्यांना धडकते आणि गाडी टकटक करत जाते. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतरही जुन्यांत कमी असते, म्हणून ती सांध्यावर अडकतात. ब्रिटिश मापात हे अंतर १४.५ मिलिमीटरच्या आसपास हवे. पाव मिलिमीटरचा फरक रुळावरून उतरायला पुरतो.

सुट्या चाकांचा पुरवठा मुख्यतः कंपन्या बुडण्यातून झाला. बिंग १९३० च्या दशकाच्या आरंभी संपली. लायोनेलची देशभर अधिकृत दुरुस्ती केंद्रे होती, त्यांच्याकडे प्रत्येक भागाला क्रमांक देणाऱ्या माहितीपुस्तिका आणि डब्यांत भरलेले सुटे भाग असत. १९६९ मध्ये कंपनीने गाड्यांचा धंदा जनरल मिल्सला वापरायला दिला, आणि केंद्रांकडचा शिल्लक माल हळूहळू संग्राहकांकडे वाहत गेला. ब्रिटनमध्ये १९६४ साली ट्राय-अँगची मालक लाइन्स ब्रदर्स हिने मेकॅनो घेतली, १९७१ मध्ये ती स्वतःच कोसळली. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा मेकॅनोचा मूळ कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. दुसरीकडे घेणारे संघटित होत होते. पेनसिल्व्हेनियात १९५४ मध्ये ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन निघाली, ब्रिटनमध्ये १९६९ साली हॉर्नबी रेल्वे कलेक्टर्स असोसिएशन. अमेरिकन संस्थेने मालाची स्थिती एक ते दहा अशा श्रेणीत सांगण्याची पद्धत रूढ केली, आणि पेनसिल्व्हेनियातच यॉर्क गावी भरणारा तिचा मेळा या व्यापाराची मोठी पेठ झाला. अशा मेळ्यांत टेबलावर चकचकीत इंजिने, आणि टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात चाके. अनुभवी गिऱ्हाईक आधी खाली वाकते.

चाक वाचवायचे काम चिकाटीचे आहे. आधी धातू ओळखायचा: चुंबक चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर जस्त, पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. ही पायरी टाळणारा पस्तावतो, कारण गंज काढणारी बहुतेक द्रव्ये जस्ताला घातक आहेत. जस्त आम्लातही विरते आणि तीव्र अल्कलीतही. पोलादी धाव आणि जस्ताचा तुंबा असे मिश्र चाक व्हिनेगरमध्ये बुडवले तर सकाळपर्यंत धाव स्वच्छ आणि तुंबा भुरभुरीत होतो. निव्वळ लोखंडी चाकाला आधी रॉकेलमध्ये भिजवून जुने घट्ट झालेले तेल आणि कार्पेटचे धागे काढतात. आसेभोवती गुंडाळलेले केस आणि लोकर ही तर प्रत्येक जुन्या जोडीची ठेव. मग सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणात काही तास. गंज फार खोल असेल तर विजेची रीत: धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात चाक ऋण टोकाला, एक टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोकाला, आणि बॅटरी चार्जरचा मंद प्रवाह. पट्टी स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, कारण पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगे उतरतात. बाहेर काढल्यावर लोखंड इतके उघडे असते की काही मिनिटांत पुन्हा तांबूस होते. म्हणून लगेच कोरडे करून, कोमट भट्टीत ओल उडवून, तेलात ठेवतात. भुकटीच्या चाकाला ही शेवटची पायरी चुकवता येत नाही.

पुढचे काम हातांचे. तारेच्या ब्रशने जोर केला तर निकेलचा उरलेला मुलामा निघून जातो. चाक क्षणभर चमकते आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट गंजते. धाव गुळगुळीत करायला लेथवर अगदी बारीक कागद लावतात, कड मात्र सोडून देतात, कारण कड बारीक झाली तर चाक निकामी. खड्डे पडलेली धाव घासून सपाट करता येते, पण व्यास घटतो आणि जोडीतले दुसरे चाकही तेवढेच घासावे लागते. इंजिनाच्या मोठ्या चाकांचे दुखणे वेगळे: दोन्ही बाजूंच्या चाकांतले दांड्याचे खुंट एकमेकांशी ९० अंशांच्या कोनात हवेत. उपसणीने चाक काढले आणि परत दाबताना तो कोन चुकला, तर इंजिन लंगडते.

विक्रीसाठी वर्गवारी अशी होते: रुळांचे माप, चाकाचा व्यास, आसेची जाडी, टोक अणकुचीदार की बोथट, आरे की बशी, रोधक आहे की नाही. ब्रिटिश १:७६ मध्ये मालडब्याला साधारण १२ मिलिमीटरचे आणि प्रवासी डब्याला १४ मिलिमीटरचे चाक लागते. व्यास आणि आस नेमकी सांगणारा विक्रेता जोडीमागे पैसे घेतो. ‘मिश्र लॉट’ म्हणून फोटो टाकणाऱ्याला भंगाराहून थोडेच अधिक मिळते. १९९५ नंतर इंटरनेटवरच्या लिलावांनी मेळ्याला न येणारी गिऱ्हाइके जोडली, पण मीटर आणि चुंबक फोटोतून लावता येत नाहीत, त्यामुळे जस्ताची चाके पुन्हा एकदा बिनबोभाट फिरू लागली.

भारतात या छंदाचा पसारा लहान राहिला. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. तिथल्या गाड्या १:८७ प्रमाणाच्या आहेत.

युद्धपूर्व जस्ताच्या चाकांना आता नव्या ओतकामाची पर्यायी चाके मिळतात: शुद्ध मिश्रधातूची, जुन्याच नमुन्यावरून केलेली. त्यांनी कित्येक हॉर्नबी आणि मेर्कलिन गाड्या पुन्हा धावत्या केल्या. संग्राहकांत यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो गाडी धावण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या मते मूळ चाक चिरलेले असले तरी गाडीबरोबर वेगळ्या पुडीत द्यावे. व्यवहारात दुसऱ्याचे ऐकलेले बरे: नवी चाके बसवलेल्या गाडीबरोबर जुन्यांची पुडी असेल तर गाडीच्या अस्सलपणाचा पुरावा हाताशी राहतो. लोखंडी चाकांना मात्र नक्कल करणारे फारसे भेटलेले नाहीत. ती अजून इतकी सापडतात, आणि साफ केल्यावर इतकी चांगली चालतात, की नवीन ओतणे परवडत नाही.